शेवळं आणि जंगली सुरण: नर-मादी नव्हे, दोन वेगळ्या जाती

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. चौलजवळच्या तुमच्या नारळ-पोफळीच्या वाडीत पहिला वळीव झाल्यावर दोन तऱ्हेची फुलं जमिनीतून वर आली. वरच्या बांधावर, ऐनाच्या झाडाखाली, बारीक, उंच, तपकिरी-जांभळी अशी सात-आठ. आणि खाली शेणखताच्या खड्ड्याशेजारी एकच, पण परातीएवढं, मधे काळपट जांभळं सुरकुतलेलं बोंड असलेलं, मेलेल्या जनावरासारखा वास मारणारं. शेजारच्या काकू म्हणाल्या की दोन्ही शेवळंच. बारीक ती नर, मोठं ते मादी, आणि दोन्हींची भाजी होते. हे खरं का, आणि भाजी करावी का, असं तुम्ही विचारलंय.

उत्तर आधी देतो, कारण पावसाचे दिवस आहेत आणि तुम्ही विळी घेऊन बसला असाल. ती नर-मादी नाहीत. त्या दोन वेगळ्या जाती आहेत. बांधावरची बारीक ती शेवळं. खड्ड्याजवळचं मोठं ते सुरणाचं फूल. भाजी फक्त शेवळाची, तीही फूल मिटलेलं असताना खुडलेल्याची. मोठं फूल भाजीला मुळीच घेऊ नका, आणि बांधावरची जी उमललेली आहेत तीही तशीच राहू द्या.

आता कारणं. तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवताना आणि रायगड-रत्नागिरीच्या डोंगरउतारांवर मुलांना घेऊन फिरताना हा प्रश्न मला किती जणांनी विचारला याची मोजदाद नाही. गोंधळ का होतो, ते मला आता पक्कं कळलंय. शेवळं आपण भाजी म्हणून ओळखतो, फूल म्हणून नाही. पनवेल, अलिबाग, वसईच्या बाजारात रोहिणीच्या सुमाराला ठाकर-कातकरी बायका जुड्या बांधून बसतात. त्या जुडीतलं प्रत्येक शेवळ मिटलेलं असतं, भाल्याच्या पात्यासारखं, गुंडाळलेलं. ज्यांनी आयुष्यभर शेवळाची भाजी खाल्ली त्यांतल्या बहुतेकांनी उमललेलं शेवळ कधी पाहिलेलंच नसतं. मग रानात काही जांभळं, विचित्र, पानांवाचून जमिनीतून आलेलं दिसलं की हाताशी असलेलं एकच नाव त्याला चिकटतं.

दोन्ही झाडं एकाच प्रजातीतली, म्हणजे जवळच्या जातींच्या एकाच गटातली आहेत, अमॉर्फोफॅलस. शेवळ म्हणजे अमॉर्फोफॅलस कम्युटॅटस आणि सुरण म्हणजे अमॉर्फोफॅलस पिओनिफोलियस. कुळ अळूचं. म्हणजे सख्खी भावंडं म्हणा हवं तर, पण नवरा-बायको नव्हेत. सुमात्रातलं ते जगप्रसिद्ध महाकाय फूल, तीन मीटरपर्यंत वाढणारं, जे बघायला वनस्पती उद्यानांत रात्रभर रांगा लागतात, तेही याच घरचं.

नर-मादीची समजूत मात्र मी नुसती ‘चूक’ म्हणून बाजूला सारणार नाही, कारण तिच्यात एक खरी गोष्ट वाकड्या जागी जाऊन बसलीय. आपण ज्याला फूल म्हणतो ते एक फूल नसतंच. बाहेरचं जे पसरलेलं, रंगीत दिसतं ते एक बदललेलं पान असतं. पुस्तकात त्याला महाछद म्हणतात. त्याच्या मधोमध एक जाड कणीस उभं असतं. त्या कणसाच्या अगदी तळाशी मादीफुलं दाटीवाटीने बसलेली असतात, त्यांच्या वर नरफुलं, आणि त्याच्याही वर एक वांझ, मांसल भाग, जो वास सोडायचं काम करतो. अळूचं फूल कधी उभं चिरून पाहिलं असेल तर रचना लगेच ओळखू येईल. म्हणजे नर आणि मादी दोन्ही आहेत, पण एकाच कणसात. तुमच्या बांधावरच्या प्रत्येक शेवळात दोन्ही आहेत आणि खड्ड्याजवळच्या सुरणातही दोन्ही आहेत.

याहून सुंदर गोष्ट त्यांच्या वेळेची आहे. मादीफुलं आधी तयार होतात. सुरणाचं फूल उमलतं त्या पहिल्या दिवशी मादीफुलं परागकण घ्यायला तयार असतात, पण त्याच कणसातली नरफुलं अजून मिटलेली असतात. त्याच दिवशी तो कुजका वास सर्वांत जोरात येतो. वासाला भुलून कुजक्या मांसावर येणारे भुंगेरे येतात, दुसऱ्या कुठल्या फुलातून अंगाला लागलेले परागकण घेऊन. ते तळाशी उतरतात. दुसऱ्या दिवशी नरफुलं पराग सोडतात, तोवर मादीफुलांचा काळ संपलेला असतो, आणि पराग अंगावर घेतलेले भुंगेरे बाहेर पडून पुढच्या फुलाकडे जातात. स्वतःच्याच परागांनी फळ धरू नये म्हणून केलेली ही व्यवस्था. सुरणाचं कणीस या काळात गरमही होतं. तो वास हवेत दूर जावा म्हणून. संध्याकाळी बोंडाला हाताची पाठ लावून पाहा. मी पहिल्यांदा लावली तेव्हा दचकलो होतो. झाड अंगात ताप असल्यासारखं ऊन लागतं, ही गोष्ट पुस्तकात वाचून खरी वाटत नाही.

या वासाची एक आठवण सांगतो. आमच्या घरामागे एका जूनमध्ये असा वास सुटला की घरच्यांनी उंदीर मेला म्हणून सबंध माळा उपसला, भाताच्या कणग्या हलवल्या, कौलं काढून पाहिली. दोन दिवसांनी वास आपोआप गेला. मग मागच्या पडवीबाहेर केळीच्या बुंध्याशी सुकलेलं, लोळागोळा झालेलं सुरणाचं फूल सापडलं. तेव्हापासून वळिवानंतर कोणी ‘काहीतरी मेलंय’ म्हणालं की मी आधी परसात जातो.

ओळखायचं कसं, ते आता नीट सांगतो. रंग आणि वास यांवर जाऊ नका. रंग दोन्हींचे जांभळे-तपकिरी, आणि वास शेवळालाही असतो, फक्त मला तो जवळ गेल्याशिवाय जाणवत नाही, सुरणाचा मात्र अंगणापलीकडून येतो. सर्वांत आधी दांडा पाहा. शेवळ लांब दांड्यावर उभं असतं. तो दांडा गुळगुळीत, त्यावर फिक्या-गडद ठिपक्यांची नक्षी, आणि फूल जमिनीपासून हातभर तरी वर. सुरणाचं फूल जमिनीवर बसलेलं असतं. दांडा असतो, पण उमलताना इतका आखूड की फूल थेट मातीतून फुटल्यासारखं वाटतं. पुढे फळ धरलं तर मात्र तोच दांडा उंच वाढतो आणि लालभडक फळांचं कणीस वर उचलून धरतो. पाखरांच्या नजरेस पडावं म्हणून. तेव्हा दांड्याची ही खूण फुलाच्या दिवसांपुरतीच धरायची.

मग महाछद. शेवळाचा अरुंद, होडीसारखा, आणि मधलं कणीस त्याच्या बाहेर बरंच वर आलेलं, निमुळतं, गुळगुळीत. सुरणाचा रुंद, उलट्या घंटेसारखा पसरलेला, कडा मुरडलेल्या, लाटा उठाव्यात तशा; आणि मधे निमुळतं कणीस नाही तर फुगलेलं, सुरकुत्या पडलेलं बोंड. तुम्ही ‘परातीएवढं’ लिहिलंत आणि ‘सुरकुतलेलं’ लिहिलंत, तिथेच माझी खात्री पटली.

एवढ्यावरही शंका उरली तर एक सुकत चाललेलं फूल उभं चिरा. हाताला आधी खोबरेल लावा. शेवळात मादीफुलांच्या आणि नरफुलांच्या मधे वांझ फुलांचा एक पट्टा दिसेल, ना मादी ना नर. सुरणात असा पट्टा नसतो; मादीफुलं संपतात तिथूनच नरफुलं सुरू होतात. अभ्यासकांना ही खूण महत्त्वाची, कारण फूल सुकलं, रंग उडाला तरी ती राहते.

इथे तुम्हाला एक जास्तीचा प्रश्न विचारावासा वाटतो. ते मोठं फूल खड्ड्याशेजारीच का आलं? जंगली सुरण म्हणून मी मथळ्यात लिहिलं खरं, पण तुमच्याकडचा तो खरोखर रानातला आहे की तुमच्या आजीने कधीतरी लावलेल्या सुरणाचा राहून गेलेला कंद, हे फुलावरून मी सांगू शकत नाही. जात दोन्हींची एकच. शेतात लावलेला सुरण सहसा फुलत नाही, कारण फुलण्याइतकं वय होण्याआधीच आपण कंद खणून काढतो. फूल यायला कंदात पुरेसा साठा लागतो, आणि तो काही वर्षांत जमतो. वाडीच्या कोपऱ्यात, खताच्या खड्ड्याजवळ विसरलेला कंद असा गुपचूप मोठा होतो आणि एका रोहिणीत अचानक फुलतो.

रानटी की लावलेला, हे पान सांगेल. दोन्ही जातींना एका हंगामात साधारणपणे एकच पान येतं, फूल गेल्यावर, आणि ते एकच पान एवढं मोठं आणि इतक्या वेळा विभागलेलं असतं की लोकांना ते छत्रीसारखं छोटं झाडच वाटतं. खोड म्हणून जे दिसतं तो पानाचा देठ. रानातल्या सुरणाच्या देठावरून बोट फिरवा: बारीक-बारीक टेंगळं, खरखरीत, जवळजवळ टोचणारं. लावलेल्या सुरणाचा देठ त्यामानाने मऊ. आणि शेवळाच्या पानाचा देठ गुळगुळीत, बारीक, ठिपकेदार. पावसाळ्यात, फुलं नसताना, मला या एका बोटाच्या खुणेने जितकं काम दिलंय तितकं कुठल्याच चित्राने दिलेलं नाही.

हा खरखरीतपणा जुन्या लोकांच्याही नजरेतून सुटला नव्हता. सतराव्या शतकात, 1678 पासून, मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ छापला गेला. त्यात या सुरणाला स्थानिक मल्याळी नाव दिलंय त्याचा अर्थच काटेरी सुरण. 1818 साली डेनश्टेट या जर्मन अभ्यासकाने त्याच आधारावर त्याला शास्त्रीय नाव दिलं, पिओनी नावाच्या झाडासारखी पानं म्हणून पिओनिफोलियस. पुढे दीर्घकाळ कॅम्पॅन्युलॅटस, म्हणजे घंटेच्या आकाराचं, हे नाव चाललं आणि 1977 मध्ये निकोलसन या अभ्यासकाने पुन्हा जुनं नाव रुजू केलं. तुमच्या घरी जुनं वनौषधींचं पुस्तक असेल तर त्यात कॅम्पॅन्युलॅटसच सापडेल; झाड तेच. मला स्वतःला घंटेचं नाव जास्त आवडायचं, कारण ते फूल बघून सुचलेलं आहे. पण नियम पहिल्या नावाचा, आणि तो योग्यच आहे.

शेवळाची गोष्ट वेगळी. सुरण दक्षिण आशियापासून थेट पॅसिफिकच्या बेटांपर्यंत पसरलेला आहे, त्यातला बराच माणसाने नेलेला. शेवळ मात्र आपल्या पश्चिम किनाऱ्याचं आणि सह्याद्रीचं. जगात इतरत्र कुठेही ते रानात उगवत नाही. आपल्याकडे जुडीने विकलं जातं म्हणून ते सामान्य वाटतं. कोकणाचं आणखी एक देणं आहे: 1994 मध्ये डच अभ्यासक हेटरशाइड, कोल्हापूरचे एस. आर. यादव आणि त्यांचे सहकारी यांनी याच प्रजातीतली एक नवी जात जाहीर केली आणि तिला कोकणाचंच नाव दिलं, अमॉर्फोफॅलस कोंकणेन्सिस. शतकानुशतकं लोक ज्या उतारांवरून ये-जा करत होते तिथलीच ती. तेव्हा ‘शेवळासारखं दिसतं म्हणजे शेवळच’ असं म्हणताना दक्षिणेकडे, सिंधुदुर्गाच्या बाजूला, जरा थांबलेलं बरं.

घाटावर चढलात तर सापकांदा भेटेल. त्याचा महाछद नागाच्या फणीसारखा पुढे वाकलेला असतो आणि फुलाच्या वेळीच पानही सोबत असतं किंवा लगेच येतं. तो या प्रजातीतला नाही आणि खाण्यातला तर मुळीच नाही. तुमच्या किनाऱ्यावरच्या वाडीत तो येणार नाही, म्हणून एवढंच.

आता स्वयंपाकघर. या दोन्ही झाडांच्या सर्वांगात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. घशाला, जिभेला खाज सुटते ती यांच्यामुळे. सुया अक्षरशः टोचतात. पाण्यात ते विरघळत नाहीत, म्हणून नुसतं उकडून भागत नाही. आपल्या बायकांनी यावर शोधलेला उपाय आंबट आहे, आणि तो ऋतूनेच शेवळासोबत दिलाय: काकडाची फळं. काकड म्हणजे गरुगा पिनाटा, सालई-गुग्गुळाच्या कुळातलं झाड, त्याची हिरवी, गोटीएवढी, आंबट-तुरट फळं नेमकी याच दिवसांत तयार होतात. बाजारात शेवळाच्या जुडीशेजारी काकडाचा वाटा असतोच. नुसती जुडी घेऊन निघालात तर विकणारी बाई हाक मारून परत बोलावते. काकडं ठेचून, वाटून त्यांचा रस गाळून भाजीत घालतात. काकडं मिळाली नाहीत तर चिंच किंवा आमसुलं, पण हात सढळ ठेवायचा.

साफ करताना बाहेरचं आवरण उलगडून आतलं कणीस पाहायचं आणि त्यावरचा पिवळा दाणेदार भाग पूर्ण काढून टाकायचा. तो पिवळा भाग म्हणजे वर सांगितलेली नरफुलं. सर्वांत जास्त खाज तिथेच, असं प्रत्येक घरात सांगतात, आणि माझाही अनुभव तोच आहे. म्हणजे भाजी निवडणारी बाई दर वर्षी हातात विळी घेऊन नरफुलं आणि मादीफुलं वेगळी करत असते. तिला ती नावं कोणी सांगितलेली नसतात एवढंच. पुढे बारीक चिरून, तेलावर चांगली परतून, सोडे किंवा कोलंबी घालून, किंवा शाकाहारी घरात वाल नाहीतर चणाडाळ घालून. आमच्याकडे वालाची होते आणि माझं मत वालाच्याच बाजूने आहे.

उमललेलं शेवळ भाजीला घेत नाहीत. सुरणाच्या फुलाचं काय, तर कुठे कोणी कसं शिजवतं या चर्चेत मी शिरणार नाही. ओळख पटवण्यासाठी प्रश्न विचारावा लागलाय अशा माणसाने ते खाऊ नये, एवढं ठाम सांगतो. खड्ड्याजवळचा तो कंद रानटी निघाला तर तोही घरच्या सुरणासारखा समजून शिजवू नका. बाजारात मिळणाऱ्या गजेंद्रसारख्या वाणांत खाज फार कमी असते, म्हणून आपल्याला सुरण साळसूद वाटू लागलाय. चुकून कच्चं तोंडात गेलं तर खळखळून चुळा भरा, दही किंवा थंड दूध घ्या. ओठ-जीभ सुजून श्वासाला अडथळा वाटला तर घरगुती उपायांत वेळ न घालवता दवाखान्यात जा. लहान मुलांना त्या मोठ्या फुलापासून लांब ठेवा, ते त्यांना खेळणं वाटतं.

बांधावर सात-आठ शेवळं आहेत म्हणालात. ती सगळी खुडू नका. खुडल्याने कंद मरत नाही, पान येऊन तो पुन्हा भरतो, आणि नवा कंद दर वर्षी जुन्याची जागा घेतो; म्हणून पिढ्यानपिढ्या खुडूनही शेवळं टिकली. पण खुडलेल्या शेवळाला बी धरत नाही. पूर्वी रान मोठं होतं आणि खुडणारे हात मोजके. आता उतार यंत्राने सपाट होतात, एका दिवसात कंदांसकट माती जाते, आणि जे उरतं त्यावर सगळ्यांची नजर. मी डोळ्यांदेखत असे दोन उतार गेलेले पाहिलेत, दोन्ही समुद्र दिसतो म्हणून विकले गेलेले. तुमच्या बांधावरची दोन-तीन शेवळं तरी उमलू द्या, फळू द्या. ती तुमच्या जमिनीत आहेत, त्यामुळे हे तुमच्याच हातात आहे.

आणि माझ्यासाठी एक काम करा. दोन्ही जागी आजच एक-एक काठी रोवून ठेवा, कारण फुलं आठवड्याभरात मातीत मिळतील आणि पावसाच्या गवतात जागा सापडणार नाही. आषाढात पानं वर आली की दोन्ही देठांवरून बोट फिरवून मला कळवा: खड्ड्याजवळचा खरखरीत लागतो की मऊ. दिवाळीनंतर पानं पिवळी पडून जिरतील, तेव्हा वाडी साफ करणाऱ्या माणसाला सांगून ठेवा की त्या काठ्या उपटायच्या नाहीत. पुढच्या रोहिणीत आपल्याला तिथेच पाहायचंय.